जर्मनीला जायचंय की इथंच राहायचंय? आधी तीन महिने घरीच तालीम करा

गणपतीत आमच्याकडे सगळे जमले की मला एक प्रश्न हमखास येतो, "काय रे, बाहेर शिकून आलास, काय फरक पडला?" आणि तेव्हा समोरच माझा मावसभाऊ मोदक खात बसलेला असतो, जो गेला नाही, ज्याने गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) दिली आणि इथेच एमटेक केलं. त्याला मात्र आजवर कुणीही विचारलेलं नाही की राहून काय फरक पडला. मला हे जरा खटकतं, कारण फरक दोघांतही पडलाय, फक्त त्याच्यातला कुणाला दिसत नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी मेकॅनिकल झालो, पुणे विद्यापीठाच्याच दोन वेगवेगळ्या कॉलेजांतून, सीजीपीए त्याचा ८.० आणि माझा ७.९, म्हणजे हुशारीचा वाद इथेच मिटला. (जर्मन पद्धतीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. रूपांतराला बव्हेरियन फॉर्म्युला वापरतात, दहापैकी पासिंग ४ धरलं तर ८.० चे बरोब्बर २.० होतात, माझ्या ७.९ चे जवळपास तेवढेच. आई दोन वर्षं लोकांना माझ्याबद्दल सांगत होती की त्याला दोनच मार्क पडले पण ते चांगले असतात म्हणे.) मी पूर्व जर्मनीतल्या एका मध्यम शहरात मास्टर्स केलं, तो इथे राहिला, आणि आता दोघंही नोकरीला आहोत. त्यामुळे निदान आमच्या घरापुरती तुलना प्रामाणिक आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, दादा जाऊ का नको. मी आता जा किंवा नको असं काहीच सांगत नाही. मी सांगतो तीन महिने घरीच राहून जर्मनी करून बघ. गंमत नाही करत, खरंच करता येतं, आणि ज्याला जायचं नाहीये त्यालाही याचा उपयोग होतो, कारण बाहेर गेलेल्यांना जे येतं त्यातलं निम्मं विमानात न बसता शिकता येतं. उरलेलं निम्मं नाही येत, तेही खाली सांगतो.

पहिल्या महिन्यात एकच करायचं, स्वतःला आठवण करून देणारी सगळी माणसं बंद.

हे ऐकायला सोपं वाटतं पण आपल्याकडच्या शिक्षणाचा अर्धा डोलारा यावर उभा असतो. फॉर्म भरायची शेवटची तारीख सीआर (वर्गप्रतिनिधी) ग्रुपवर टाकतो, सबमिशनची आठवण मित्र करतो, अटेंडन्स कमी पडली तर सर घरी फोन लावतात, आणि एवढं करून तारीख चुकलीच तर लेट फी भरून, ऑफिसात दोन चकरा मारून, "सर प्लीज" करून काम होतं. जर्मनीत यातलं काही नाही. बहुतेक विषयांना हजेरी नसते, इन्सेम म्हणजे सेमिस्टरमधली परीक्षा नसते, टर्मवर्कचे मार्क नसतात, सेमिस्टर संपलं की एकच परीक्षा आणि तीच सगळं. आणि त्या परीक्षेला बसायचं असेल तर पोर्टलवर स्वतः नाव नोंदवायचं असतं, ठरावीक तारखेच्या आत.

माझं काय झालं सांगतो. पहिल्याच सेमिस्टरला जर्मनमध्ये एक मेल आली, लांबलचक, मी ती कॅन्टीनची जाहिरात समजून तशीच सोडली. जानेवारीत लायब्ररीत शेजारचा सहज म्हणाला तू कशाकशाला रजिस्टर केलंस, आणि माझ्या पोटात गोळा आला. परीक्षा विभागाची खिडकी आठवड्यातून दोनच दिवस सकाळी उघडायची, तिथे गेलो, बाईंनी शांतपणे कॅलेंडर माझ्याकडे वळवलं, तारखेवर पेनचं टोक ठेवलं आणि म्हणाल्या, "फ्रिस्ट." म्हणजे मुदत. मी माझी पूर्ण करुण कहाणी सांगितली, नवीन आहे, भाषा येत नाही वगैरे, त्यांनी सगळी ऐकून घेतली, मान हलवली, सॉरी म्हणाल्या आणि परत त्याच तारखेवर पेन ठेवलं. चिडल्या नाहीत की उपकारही केले नाहीत. दोन विषय पुढच्या सेमिस्टरला गेले.

तर तालीम अशी: वर्गाचा ग्रुप म्यूट करा, तारखा स्वतः शोधून स्वतःच्या कॅलेंडरला लावा, आणि एक सरकारी काम पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने करा, बाबांचा ओळखीचा माणूस न लावता. जायचं असेल तर एपीएस सर्टिफिकेटचंच काम घ्या. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून हे सर्टिफिकेट लागतं, मार्कशीट खऱ्या आहेत की नाही ते तपासतात, फी १८,००० रुपये, आणि त्यासाठी कागद गोळा करताना तुमचा स्वभाव कळतो. ज्याला जायचं नाही त्याने विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट काढून आणावी, तेवढंही पुरे आहे. मी ओळखीच्या दोघांना हे सांगितलं, त्यातल्या एकाच्या वडिलांनी तिसऱ्या दिवशी रजा टाकून काम करून आणलं. तो अजून गेलेला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याने थोडं थांबावंच.

अभ्यासाचंही यातच सांगून टाकतो. मास्टर्स १२० क्रेडिटचं असतं, सेमिस्टरला ३० धरायचे आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम गृहीत असतं, त्यात लेक्चर कमी, स्वतः बसणं जास्त. आदल्या रात्रीचं गाईड तिथे नसतं. जुने पेपर विद्यार्थी संघटनेकडे मिळतात पण प्रश्न रिपीट होतीलच असं नाही, आणि काही विषयांची तोंडीच परीक्षा असते, अर्धा तास प्रोफेसर समोर बसून "असं का?" विचारतो, उत्तर दिलं की परत "का?" एकाच विषयात साधारण तीन वेळा नापास झालात की अख्खा डिग्री कोर्सच गेला, कुठल्याही दुसऱ्या युनिव्हर्सिटीत तोच कोर्स परत घेता येणंही अवघड होतं. घरी तालीम करायची तर एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स) एखादा अवघड विषय घ्या, आठवडाभर वाचा आणि शनिवारी मित्राला समोर बसवून पुस्तक न उघडता समजावून सांगा, मित्राचं काम फक्त "का?" विचारायचं. माझ्या मावसभावाने हे इथेच केलं, एमटेकच्या गाईडने त्याला असंच पिळून काढलं होतं, आणि आज थिअरी त्याची माझ्यापेक्षा पक्की आहे. म्हणजे बाहेर गेलं की अभ्यास खोल होतो हा समज सरसकट खरा नाही, चांगला गाईड भेटला की तो कुठेही होतो.

दुसरा महिना पैसे आणि स्वयंपाक. इथे लोक फार घाबरतात आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतात.

ब्लॉक अकाउंट म्हणजे व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, आणि तिथे गेल्यावर तेच तुम्हाला महिन्याला ९९२ असे सुटे मिळतात. पैसे तुमचेच, पण एकदम हात लावता येत नाही. लोक याला कटकट म्हणतात, माझ्या मते मुलांसाठी त्याहून चांगली सोय नाही. यातून खोलीचं भाडं, सव्वाशे-दीडशेच्या आसपास हेल्थ इन्शुरन्स, रेडिओ-टीव्हीची वर्गणी (ती घरात टीव्ही नसला तरी द्यावी लागते, महिना १८.३६ युरो, आणि पत्र आलं की गप भरायची, मी वाद घालून बघितलाय), फोन, खाणं, सगळं. सरकारी युनिव्हर्सिटीत ट्यूशन फी बहुतेक ठिकाणी नाही पण बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ पासून फी लावलीय, तेव्हा जर्मनीत शिक्षण फुकट हे वाक्य ऐकलं की आधी शहर विचारा.

तालीम अशी करा की एक तारखेला घरून एक ठरावीक रक्कम घ्यायची, त्यातून आईला खोलीचं भाडं द्यायचं (हो, खरंच द्यायचं, आई परत करते ती गोष्ट वेगळी), आणि एकतीस तारखेपर्यंत कुणाकडे एक रुपया मागायचा नाही, मित्राकडेही नाही. बावीस-तेवीस तारखेला जे वाटतं ना, ते अनुभवायचंय. आणि युरोला रुपयात गुणणं लवकर सोडा. मला चार महिने लागले, तोवर मी कोथिंबीर घेतलीच नाही. दहा मिनिटांत सामान आणणारं झेप्टो नाही, रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी दूध विसरलात तर सोमवारपर्यंत काळा चहा.

स्वयंपाकाचं म्हणाल तर वीस पदार्थ शिकून काही होत नाही. आई जायच्या आधी पुरणपोळीपर्यंत सगळं शिकवायला बसते आणि मुलगा सगळं वहीत लिहून घेतो आणि तिथे जाऊन दोन वर्षं वरणभात खातो. चारच गोष्टी शिका पण चाळीस मिनिटांत, भांडी घासून, ओटा पुसून. घासण्यासकटचे चाळीस. माझा पहिला आठवडा सांगतो, हॉस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात खिडकी बंद ठेवून मोहरी-हिंगाची फोडणी केली, छतावरचा स्मोक डिटेक्टर किंचाळायला लागला, कॉरिडॉरमधले सहाजण दारात उभे, एक जण वर्तमानपत्राने वारा घालतोय, आणि मी हातात झारा घेऊन "टेम्परिंग, टेम्परिंग" म्हणतोय. त्यातल्याच एका इराणी मुलाने नंतर ते वरण दोन वाट्या खाल्लं आणि तो माझा तिथला पहिला मित्र. कचऱ्याचंही शिकून घ्या, प्लास्टिक, कागद, ओला, काच असे वेगवेगळे डबे असतात आणि चुकीच्या डब्यात टाकलं की शेजारच्या आजी बोलून दाखवतात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, ती परत देताना जो आनंद होतो तो मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

तिसऱ्या महिन्याचं सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच लोक टाळतात. भाषा आणि आजारपण.

कोर्स इंग्रजीत असतो म्हणून पोरं जर्मन न शिकता जातात. वर्ग इंग्रजीत, पण वर्गाबाहेरचं सगळं जर्मनमध्ये, घरमालकाचं पत्र, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट, नोंदणी कार्यालय जिथे राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत जावंच लागतं. आणि नोकरी. आपल्याकडे आयआयटीत एक डिसेंबरपासून प्लेसमेंट सुरू होतात तसला प्रकार तिथे नाही, कंपनी कॉलेजात येत नाही, तुम्ही एकेका कंपनीला अर्ज पाठवायचे, आधी वेर्कष्टुडेंट म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी, मग थिसिस कंपनीत, मग जमलं तर तिथेच कायम. स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, आणि पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. १८ महिने खूप वाटतात. भाषा नसेल तर नाहीत. तेव्हा पुण्यात असाल तर गोएथे म्हणजे मॅक्समुल्लर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट, कुठेही नाव घाला, निदान बी-१ म्हणजे तिसरी पातळी करून निघा, ए-१ या पहिल्या पातळीने फक्त ब्रेड विकत घेता येतो.

आणि इथेच मला राहिलेल्यांचं पारडं जड वाटतं. मावसभाऊ चाकणला आहे. शॉप फ्लोअरवर गेला की ऑपरेटर त्याला मराठीत सांगतो, "साहेब, कालपासून आवाज वेगळा येतोय", रिपोर्टमध्ये ते दोन दिवसांनी येतं, याला ते आधीच माहीत असतं. मला माझ्या तिथल्या प्लांटमध्ये मीटिंग नीट समजते, प्रेझेंटेशनही देतो, पण कॉफीच्या टेबलावर कुणीतरी हळूच काहीतरी बोलतं, सगळे हसतात आणि मी अर्ध्या सेकंदाने हसतो. मशीनबद्दलची अर्धी खरी माहिती त्या टेबलावरच असते. हा अर्धा सेकंद मी चार वर्षं भरून काढतोय आणि अजून पूर्ण भरलेला नाही. तो म्हणतो तू ऑटोमेशनमध्ये माझ्यापुढे दहा वर्षं आहेस, मी म्हणतो तू माणसांत.

पैशाचंही तसंच, त्याला गेटवर महिना १२,४०० स्टायपेंड होता, बाहेर पडताना डोक्यावर कर्ज नव्हतं. माझं होतं. पगार माझा जास्त आहे हे खरंय पण पहिली तीन वर्षं ते जास्तीचं कर्जातच गेलं, हे इन्स्टाग्रामवर दिसत नाही.

बाय द वे, पुण्यातून जर्मनीला शिकायला जाणं आपल्या पिढीने काढलेलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या, कवट्यांची मोजमापं घेऊन पीएचडी केली, आणि तीही गाईडला हवा तसा निष्कर्ष न काढता, म्हणजे कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा वंशाशी संबंध मोजमापात दिसत नाही असं त्या काळच्या बर्लिनमध्ये लिहून. मग परत आल्या आणि डेक्कन कॉलेजात शिकवलं. परत येणाऱ्याला आपल्याकडे "जमलं नाही वाटतं" असं बघतात ना, त्यांना मी हे नाव सांगतो.

आता आजारपण. एकट्याने डॉक्टरकडे जाऊन बघा, फाईल स्वतःची स्वतः धरून, काय होतंय ते स्वतः सांगून, आई शेजारी बसून "आणि हो डॉक्टर, त्याला रात्री घाम पण येतो" म्हणणार नाही असं. जर्मनीत साध्या तापाला डॉक्टर गरम चहा आणि विश्रांती सांगून घरी पाठवतो, आपल्याला वाटतं यानं काही दिलंच नाही. पहिल्या थंडीत मी चार दिवस खोलीत पडून होतो, दाराबाहेर त्या इराणी मुलाने सूप ठेवलं होतं, एवढंच.

पण उलटं आजारपण जास्त कठीण. मी तिसऱ्या सेमिस्टरला असताना काकांची, म्हणजे मावसभावाच्या बाबांची, अँजिओप्लास्टी झाली. रात्री रिक्षा मिळेना म्हणून शेजाऱ्यांची गाडी, तिथून कॅशलेसचा फॉर्म, टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांचं) अप्रूव्हल अडकलेलं, डिस्चार्ज सकाळी दहाला म्हणाले आणि संध्याकाळी सात वाजता झाला, या सगळ्यात तो थिसिसची करेक्शन्स हॉस्पिटलच्या बाकावर बसून करत होता. मला मावशीने व्हिडिओ कॉल लावला, थंडीत जर्मनी भारताच्या साडेचार तास मागे असते त्यामुळे माझी संध्याकाळच होती, मी लॅबमधून बाहेर येऊन कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो आणि स्क्रीनवर नुसती आयसीयूबाहेरची भिंत दिसत होती, कारण मावशी फोन धरून रडत होती. मी काहीही करू शकलो नाही. म्हटलं पैसे पाठवू का, तो म्हणाला पैसे आहेत रे, माणूस नाहीये, रात्री बसायला कोणी नाहीये.

म्हणून तालमीचा शेवटचा भाग असा आहे. घरातल्या सगळ्यांना एका संध्याकाळी बसवा, टीव्ही बंद करून, आणि एका कागदावर लिहा: रात्री दोन वाजता आजीला काही झालं तर गाडी कोण काढणार, मेडिक्लेमचं कार्ड कुठल्या कप्प्यात आहे, कुठल्या हॉस्पिटलात कॅशलेस चालतं, बाबांच्या गोळ्यांची नावं काय, फोनवरून यूपीआय कोणाला जमतं, शेजारचं कोण मदतीला येतं आणि त्यांचा नंबर. जिथे तुमचंच नाव लिहिलं जाईल तिथे ते खोडून दुसरं कोणाचं तरी लिहावं लागेल, आणि ज्याचं लिहाल त्याला आधी विचारावं लागेल. आमच्या फ्रिजवर हा कागद मी जायच्या आधी नव्हता, काकांच्या आजारपणानंतर सुट्टीला आलो तेव्हा मावसभावानेच बसून लिहिला. सहापैकी चार ओळींत त्याचं नाव आहे.